कुलूप शाबूत होतं

सकाळी सव्वानऊला दुकानाचं शटर निम्मं वर गेलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. "किल्लीवाले ना? पोलीस ठाण्यातून बोलतोय. सहकारनगरात एका सोसायटीत घरफोडी झालीय. कुलूप तुमच्याकडचं आहे म्हणतात. या जरा."

पोलीस "या जरा" म्हणाले की किल्लीवाल्याच्या पोटात गोळा येतो. काही केलेलं नसलं तरी येतो. वडील मंडईजवळ फुटपाथवर लाकडी पेटी घेऊन बसायचे तेव्हापासूनचा हा गोळा आहे, वारशातच मिळालाय म्हणा ना. साबणावर उठवलेला किल्लीचा ठसा घेऊन कोणी आलं, तर ते समोरच्याला चहा पाजून परत पाठवायचे, पण किल्ली करून द्यायचे नाहीत. मीही बाहेरच्या प्रत्येक कामाची वहीत नोंद ठेवतो, ओळखपत्राचा फोटो घेतो. तरीही गोळा तो गोळाच. हत्यारांच्या पिशवीसोबत वही उचलली आणि निघालो.

तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी सोसायटी. जिना चढतानाच घर आठवलं. दिवाळीच्या आधी इथं येऊन गेलो होतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, त्यांचं जुनं कुलूप गंजून अडकलं होतं. ते कापून काढलं आणि त्यांना सात लिव्हरचं नवं कुलूप दिलं, बाराशे रुपयांचं. आता मे महिना. काका-काकू भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले होते.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो. दार सताड उघडं आणि माझं कुलूप दाराच्या कडीला लोंबकळत होतं. लावलेलं! अंगावर एक ओरखडा नाही. त्यात अडकलेला कोयंडा चौकटीतून मुळासकट निघून आलेला, आणि त्याच्या पट्टीला चारही स्क्रू दातांसारखे तसेच.

फौजदार साहेब तरुण होते, बोलायला नीट. हवालदार मात्र निवृत्तीला आलेले आणि पोचलेले. "कुलूप मुद्देमालात घ्यायचंय," ते म्हणाले. "मालक वाटेत आहेत, किल्ली त्यांच्याकडे. तुम्ही काढून द्या."

"हे कापावं लागेल. सात लिव्हर आहेत, असं खटकन नाही उघडत."

"का? डुप्लिकेट ठेवत नाही का तुम्ही?"

असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मी वही पुढे केली. बंद पाकिटातल्या तीन किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हाती दिल्या, खाली काकांची सही. साहेबांनी पान बघितलं आणि म्हणाले, "कापू नका. मालक येऊ देत." मी बाहेर पायरीवर बसलो. जा म्हणाले नव्हते, थांबा असंही म्हणाले नव्हते.

ठसेवाले आले, काळी पावडर मारून गेले. कुलूप मी हाताळलेलं होतं, म्हणून माझेही ठसे घेतले. बोटं पुसता पुसता त्यांच्यातले एक साहेब गप्पांत आले. म्हणाले, आपल्याकडचं ठशांचं पहिलं ऑफिस 1897 साली कलकत्त्याला निघालं. मी म्हटलं, साहेब, त्याच साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. ते हसले. "म्हणजे तुमचं नि आमचं बरोबरच सुरू झालं."

चोरी उघडकीला आली ती दूधवाल्यामुळे. पहाटे सहाला तो वर आला, तर समोरच्या फ्लॅटमधून दार बडवण्याचा आवाज. मजल्यावरच्या उरलेल्या दोन्ही घरांना बाहेरून कड्या घातलेल्या. चोरांनी आधी शेजाऱ्यांना कोंडलं आणि मग सावकाश आपलं काम उरकलं. समोर आयटीतलं एक जोडपं भाड्यानं राहतं. रात्री पावणेतीनच्या सुमाराला 'कट्ट' असा एक आवाज आल्याचं त्या मुलीला आठवत होतं. तिला वाटलं, काका-काकू रात्रीच्या गाडीनं परत आले. कूस बदलून झोपली बिचारी.

त्या 'कट्ट'ला कागदावर मोठं महत्त्व होतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घर फोडून चोरी केली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत, तीच दिवसा केली तर दहापर्यंत. हवालदार लिहिणाऱ्या पोराला सांगत होते, "लाव चारशे सत्तावन्न, तीनशे ऐंशी." साहेब आतून ओरडले, "मामा, तीनशे एकतीस चार आणि तीनशे पाच!" जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. मामांची जीभ अजून जुन्या दंडविधानातच होती. ती चूक ऐकून मला का कोण जाणे जरा बरं वाटलं.

बसून बसून करणार काय? मी चौकट बघायला लागलो. कोयंडा जिथून निघाला होता तिथं चार भोकं. एकात मोबाइलचा उजेड टाकला. लाकडात स्क्रू पिळून बसवला तर भोकाच्या आत आट्यांचे वळसे उमटतात. इथं भोक गुळगुळीत, खिळ्याचं असावं तसं. कडेचे तंतू आत दुमडलेले. म्हणजे हे स्क्रू पिळलेलेच नव्हते. हातोडीनं ठोकले होते.

बरेच सुतार हे करतात. स्क्रू हातोडीनं आत घालायचा, शेवटचे दोन वळसे पेचकसानं द्यायचे. दिसायला फिट्ट. पण आट्यांनी लाकूड धरलेलं नसतं, फाडलेलं असतं. त्यातून स्क्रू जेमतेम पाऊण इंची आणि वर ऑइलपेंटचे चार-पाच थर. खरं तर कोयंडा रंगानंच धरून ठेवलेला होता. त्याला कटावणी लागली असेल तेवढीच. एक हिसका, 'कट्ट', संपलं. चाळीस रुपयांचा कोयंडा आणि त्याच्या जिवावर माझं बाराशेचं कुलूप.

सात लिव्हरच्या कुलपात पितळेच्या सात पत्र्या असतात. किल्लीचा एकेक दात एकेक पत्री आपापल्या उंचीवर उचलतो. एक जरी केसभर खालीवर झाली तरी आतला दांडा सरकत नाही. हे मी गिऱ्हाइकाला मोठ्या हौसेनं समजावून सांगतो. चोराला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो कुलपाकडे बघतो ते घरात कोणी नाही एवढं समजण्यापुरतं. बाहेर लटकणारं कुलूप ही गावाला गेल्याची पाटीच. आणि मग तो कोयंडा बघतो.

"कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला" हे वाक्य मी लहानपणापासून पेपरात वाचतोय. तुम्हीही वाचत असाल. बातमीतला ऐवज बदलतो, पेठ बदलते, वाक्य तेच. आणि ते वाचून लोक माझ्या दुकानात येतात आणि म्हणतात, "एक भारी कुलूप द्या." कोयंडा कोणी मागत नाही. मीही दाखवत नाही, त्यात सुटतात किती?

मी जास्त अस्वस्थ झालो ते वेगळ्याच कारणानं. दिवाळीत नवं कुलूप अडकवताना हा कोयंडा माझ्या बोटांना हलल्यासारखा लागला होता. सुतभर, पण हलला होता. काका तेव्हा दीडशे रुपये व्हिजिट चार्जवर घासाघीस करत होते, मला धनकवडीचा दुसरा फोन येत होता. मनात आलं, जाऊ दे, कोयंड्याचं काढलं तर पुन्हा अर्धा तास आणि पुन्हा हुज्जत. बोललो नाही.

तीनच्या सुमाराला काका-काकू पोचले. लग्नाच्या घरातून तसेच निघालेले, काकूंच्या हातावर मेंदी. काकूंनी आधी देव्हारा बघितला, मग कपाट. लोखंडी कपाट उघडलेलं, आतला लॉकर उघडलेला, कुठं मोडतोड नाही. दोन पाटल्या, एक गोफ आणि अठरा हजार रोख गेले होते. लग्नात घालायचे म्हणून बँकेच्या लॉकरमधून आणलेले दागिने. त्यातले निम्मे अंगावर गेले, निम्मे मागे राहिले. खोट्या दागिन्यांचा डबा मात्र पलंगावर नीट ठेवून दिलेला.

"लॉकर किल्लीनं उघडलाय," हवालदार म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "कपाटाच्या किल्ल्या पण तुम्हीच करता का?"

मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "किल्ली घरातच होती हो. तिसऱ्या कप्प्यात, पेपरच्या घडीखाली. त्याला काय माहीत पण?"

मी हवालदारांना म्हटलं, "मामा, कपाटाची किल्ली घरात शोधायला मला कधी पाच मिनिटांवर लागलेलं नाही." हे बोलायला नको होतं, हे बोलल्यावर कळलं. पण खरं आहे. किल्ली हरवली म्हणून लोक बोलावतात, तेव्हा मी आधी कप्प्यातला पेपर उचलतो, मग साड्यांच्या घड्या, मग दारामागचा सदरा, मग कॅलेंडरच्या मागचा खिळा. चोरांनाही घरं असतात, त्यांच्याही आया तिथंच ठेवत असतील. हवालदार दोन क्षण बघत राहिले आणि एकदम हसले. म्हणाले, "आमच्यात पण कपड्यांच्या घडीखालीच." लगेच घरी फोन लावला आणि बायकोला म्हणाले, ती किल्ली तिथून काढ. कुठं ठेव ते मात्र त्यांना सांगता येईना. त्यानंतर माझ्याकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली, असं मी धरून चाललोय.

कुलूप काढायची वेळ आली. काकांनी खिशातून जुडगा काढला, किल्ली लावली, फिरवली. टक्. लोण्यासारखं उघडलं. पंचांनी पाहिलं, पोलिसांनी कुलूप आणि कोयंडा पाकिटात घालून वर लाखेचं सील मारलं. जिन्यात कुणीतरी म्हणालं, "कुलूप चांगलं आहे हो." कुठं तोंड लपवावं कळेना.

संध्याकाळी पोलीस गेल्यावर मी कामाला लागलो. चौकट सागवानी होती, बाकी ठिकाणी ठणठणीत, फक्त कोयंड्याची जागा भुसभुशीत. ती सोडून वर सरकलो. दाराच्या आत लॉक बसवलं, म्हणजे बाहेरून फक्त किल्लीचं भोक दिसतं. माणूस घरात आहे की रत्नागिरीला, ते दारावरून कळत नाही. लॉकचा दांडा चौकटीत जिथं शिरतो तिथं मागे पाच एमेमची लोखंडी पट्टी दिली. तीन इंची स्क्रू, आधी ड्रिलनं भोक पाडून, प्रत्येक स्क्रू शेवटपर्यंत पिळून. काकूंना आतून अडसर हवा होता, त्यांच्या माहेरच्या वाड्यात होता तसा. भिंतीतल्या खोबणीतून सरकत येणारा लाकडी आडणा आता कोण देणार? आडवी लोखंडी पट्टी दिली. पट्टीचे बोल्ट दारातून आरपार, बाहेर नुसतं गोल डोकं, आत नट. बाहेरून पेचकस लावायला जागाच नाही.

काम चालू असताना समोरची मुलगी बाळाला कडेवर घेऊन आली. "आमच्या दाराची बाहेरची कडी काढून टाकता येईल का?" तिच्या दाराला आत चांगलं लॅच होतं, बाहेरची कडी ती कधी वापरतच नव्हती. ती कडी आता फक्त चोराच्या उपयोगाची होती. काढून दिली. तिसऱ्या फ्लॅटवाल्यांनीही काढून घेतली. खालच्या मजल्यावरून बोलावणं आलं. रात्री साडेनऊपर्यंत त्या जिन्यातल्या सात कड्या माझ्या पिशवीत जमा झाल्या. भंगारात किलोभर भरल्या असतील.

निघताना राहवेना. म्हटलं, "काका, दिवाळीत आलो होतो ना, तेव्हा तो कोयंडा हलत होता. मला कळलं होतं. मी बोललो नाही."

काका खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला पण माहीत होतं की. दर पावसाळ्यानंतर ढिला व्हायचा तो. मीच ठोकायचो हातोडीनं."

आतून काकूंचा आवाज, "आणि मी दर वेळी सांगायचे, सुताराला बोलवा म्हणून."

काकांनी पाकीट काढलं. मी फक्त सामानाचे पैसे सांगितले, मजुरी नाही लावली. त्यांनी आकडा ऐकला, नोटा मोजल्या आणि सवयीनं म्हणाले, "पन्नास कमी करा." मग स्वतःच थबकले, पन्नासची नोट परत वर ठेवली.

नव्या लॉकच्या किल्ल्या जुडग्यात घालून देताना मी सात लिव्हरची जुनी किल्ली काढायला लागलो. त्यांनी हात धरला.

"राहू द्या ती. कुलूप मिळेल ना परत?"

"केस संपली की मिळतं, कोर्टातून."

"मग लागेल."