देव जागे असताना फासे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पावसाळ्यात रविवारी फोंड्याला आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन गोष्ट खेळतो, त्याचा बेत जमला की फसला ते फासा सांगतो, आणि बाकीचं जग, देवांसकट, मी चालवते. नवा कोणी आला की तासाभरात हा प्रश्न येतोच: तुमच्या या जगात देव खरोखर आहेत, बोलतात, मध्ये पडतात, मग वीस बाजूंचा फासा टाकायचाच कशाला? सगळं त्यांनीच ठरवलेलं असणार ना?

आधी हे सांगायला हवं की खेळाचे नियम देवांच्या बाबतीत भलतेच कंजूस आहेत. पुजाऱ्याने 'ब्लेस' मंत्र म्हटला की तुमच्या आकड्यात चार बाजूंच्या फाशाची भर पडते, म्हणजे सरासरी अडीच. झाली कृपा! २०१४च्या नियमांत दहाव्या पातळीच्या पुजाऱ्याला थेट देवाला हाक मारता येते, पण देव ऐकण्याची शक्यता शंभरात दहा. ऐकलं, तर पुढचे सात दिवस त्याला पुन्हा त्रास द्यायचा नाही. आमच्याकडचे देव एवढे मोजून-मापून वागत नाहीत, म्हणून मी हे नियम थोडे वाकवते.

वाकवताना माझ्यासमोर नळ-दमयंती असतात. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन नळाशेजारीच बसतात. याहून जास्त ढवळाढवळ देव ती काय करणार? दमयंती त्या देवांनाच शरण जाते, स्वतःच्या सत्याची शपथ घालते, आणि देवांना आपल्या खुणा दाखवाव्या लागतात: घाम नाही, पापणी लवत नाही, सावली नाही, पाय भुईला टेकत नाहीत. उरला तो नळ, धुळीने माखलेला, माळ कोमेजलेली. तिची निवड आधीच झालेली होती. देवांना ती अवघड करता आली, बदलता आली नाही.

पुढे कली नळाच्या अंगात शिरतो, द्वापर फाशांत. राज्य, धन, सगळं जातं. मग समोर खेळणारा त्याचा भाऊ पुष्कर म्हणतो, आता दमयंतीला पणाला लाव. नळ ऐकत नाही. अंगावरचे दागिने उतरवून ठेवतो आणि एका वस्त्रानिशी चालता होतो. युधिष्ठिराच्या फाशांत कुठलाही देव नव्हता, समोर फक्त शकुनी होता, तरी त्याने द्रौपदीला लावलं. (ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या शिकून परतल्यावर नळही दमयंतीला पणाला लावतो, आणि ते मला अजून पचलेलं नाही.)

तेव्हा माझ्या डावात एकच कायदा आहे: देवाने फाशाला हात लावावा, पणाला नाही. काय मागायचं, कशापायी काय गमवायची तयारी ठेवायची, हे खेळाडूचं.

कौलाचंही तसंच. आमच्या तालुक्यातल्या देवळांत लग्न, घर, जमीन असं काही ठरवायचं झालं की देवाला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उत्तर देवाचं, पण प्रश्न विचारणाऱ्याचा. माझी आजी डावा कौल आला की गुमान परत यायची नाही. 'यंदा नको, तर दिवाळीनंतर?' असं नव्याने गाऱ्हाणं घालायला लावायची.

हा कौल मी खेळात आणला. आमच्या डावातल्या एका तांडेलाने समुद्रदेवीला विचारलं, वादळात होडी घालू का? भाऊ बेटावर अडकला होता. कौल डावा पडला. तरी तो गेला. बाकीच्यांना वाटलं, आता मी होडी बुडवणार. मी फक्त त्याचा कृपेचा फासा काढून घेतला. नकार मोडला म्हणून दर वेळी बुडवणाऱ्या देवीला पुन्हा कोणी काही विचारणार नाही, आणि मग ती जगात असून नसल्यासारखी.

त्याला सतरा किंवा वर हवे होते, म्हणजे पाचात एक शक्यता. पडले एकोणीस. शेजारची पुजारीण लगेच म्हणाली, 'देवीनेच तारलं.' तांडेल असा चिडला! 'वल्हं कोण मारत होतं?' त्या भांडणात चहा निवला आणि त्या रविवारी डाव पुढे सरकलाच नाही.