आमची वाटचाल: व्हीबी सिक्समधून बाहेर पडताना

सांगलीत पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो तेव्हा व्हिज्युअल बेसिक सिक्स (व्हीबी) ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंगची भाषा सोडून दुसऱ्या कशाचा विचारच नव्हता. फॉर्मवर बटण ओढायचं, मागे कोड लिहायचा, एफ फाइव्ह दाबून चालवायचं. पिग्मी (रोजची बचत ठेव), कर्जखाती, तेरीज (जमा-नावे जुळवणारा ताळा), सगळं त्यातच उभं राहिलं. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने या टूलचा सपोर्ट बंद केला, पण प्रोग्रॅम विंडोजवर चालतच राहिले. संस्थांना फरक पडला नाही.

फरक पडला आमच्या पोरांना. पगारावरून कुरकुर असायचीच, ती सगळीकडे असते. पण एकाने तोंडावर सांगितलं, "सर, बायोडाटात व्हीबी दिसलं की पुण्याहून फोनच येत नाही." शिवाय रोजचा वैताग वेगळाच. सभासदाचं नाव युनिकोड मराठीत, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, घेतलं की टेक्स्टबॉक्समध्ये नुसती प्रश्नचिन्हं. व्हीबी आतून युनिकोड सांभाळते, पण तिचे कंट्रोल (फॉर्मवरचे टेक्स्टबॉक्स, बटणं) विंडोजच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यावर, चालतात आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. त्यात व्हीबीतली ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही आज्ञा. चूक गिळून प्रोग्रॅम पुढे जातो आणि संध्याकाळी तेरीज जुळत नाही. मग जागोजागी मेसेज बॉक्स टाकून शोधत बसा. असं काम करून घरी जाणाऱ्याला आज काय केलं म्हणून विचारलं तर तो काय सांगणार?

नवी भाषा निवडताना कुणी गो म्हणालं, कुणी रस्ट. हौस म्हणून ठीक आहे, पण आमच्या ग्राहकाकडे विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, दोन्ही मायक्रोसॉफ्टचे. व्हीबी डॉट नेट ही व्हीबीची पुढची भाषा जुन्यांना सोपी गेली असती, पण त्या भाषेत यापुढे भर घालणार नाही हे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं. मग मायक्रोसॉफ्टचीच सी शार्प ठरली.

पोरं खूश झाली. अडचण झाली ती आमच्या सर्वांत अनुभवी मॅडमची. व्याजआकारणीचा सगळा कोड त्यांचा, आणि आता त्यांनाच कालच्या पोरांना विचारायची वेळ आली. मी व्याजाचा भाग जुन्या डीएलएलमध्येच, म्हणजे व्हीबीत केलेल्या वेगळ्या फाइलमध्येच, ठेवला. सी शार्पमधून तो बोलावता येतो. मला वाटलं, त्यांची सोय झाली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी अडगळीत?"

आता मार्च एंड उरकला की तो भागही सी शार्पमध्ये घ्यायचा आहे. घेणार मॅडमच. पोरं अजूनही पुण्याला जातातच, पण व्हीबीला कंटाळून गेलेल्यांपैकी एकजण परत आलाय. त्याला मॅडमनी कोड तपासणाऱ्या चाचण्या लिहायच्या कामाला लावलंय.