तुम्ही विचारलंत म्हणून: कमी बजेटमध्ये खेळाच्या फोटोंसाठी कोणती लेन्स?

"बजेट कमी आहे, खेळांचे फोटो काढायचेत, कोणती लेन्स घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी हेच पाठवीन. कोणता खेळ, उन्हात की दिव्यांखाली, मैदानाच्या किती जवळ जाता येतं, असं मी उलट विचारलं की समोरचा वैतागतो. "अहो, एवढं कशाला? नाव सांगा फक्त." आणि बजेट नेमकं किती, ते तर कुणी सांगतच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि घेतलेली लेन्स पसंत पडली नाही की बोल मला लावायचे.

तर घ्या नाव. ८५ एमएम, एफ/१.८. (एमएमचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त घेते.) तुमच्या कॅमेऱ्याला बसेल ती, सेकंडहँड चांगली मिळाली तर सेकंडहँड. यापुढचं तुमचं वाक्यही मला पाठ आहे: "पण हिला झूम नाही!" नाही. "याच पैशांत २५० एमएमपर्यंत जाणारी झूम मिळते की!" मिळते. माझ्याकडे आहे.

तिच्यावर माझा राग का, ते एकदा सविस्तर सांगतो.

ओळखीतल्या एका क्लबचा फुटबॉलचा सामना होता, संध्याकाळचा. कॅमेऱ्यावर ५५-२५०, एफ/४ ते ५.६. दिवसा ही लेन्स गुणी आहे, यात वाद नाही. पहिल्या हाफमध्ये शटर (फोटो काढताना उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/१००० सेकंदाहून वेगवान ठेवूनही आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते; वाढवलं की दाणे येतात) ८०० पुरत होता. मग ऊन गेलं आणि दिवे लागले. छोट्या मैदानांवरचे दिवे खेळाडूंना चेंडू दिसण्यापुरते असतात, कॅमेऱ्याचा विचार त्यात कुणी केलेला नसतो. २५०वर लेन्स ५.६च्या पुढे उघडत नाही. आयएसओ ६४००वर नेला, त्यापुढे माझ्या कॅमेऱ्यात नुसते दाणे दिसायचे. मग उरतं ते शटर मंद करणं. १/८००, १/४००, शेवटी १/२००.

बरोबरी चालू होती आणि अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. गोलकीपर उजवीकडे झेपावला, बोटं लागली, चेंडू खांबाबाहेर. मी बटण दाबूनच धरलं होतं. सामना संपल्यावर तो चिखलाने माखलेला, ग्लोव्ह्ज काखेत धरून माझ्या मागे येऊन उभा राहिला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बघून म्हणाला, "हा मला पाठवा. मोठा करून घरी लावतो." त्या एवढ्याशा स्क्रीनवर काय, सगळंच छान दिसतं.

घरी कॉम्प्युटरवर उघडला. गोलच्या जाळीची गाठ न् गाठ मोजता येत होती. तिच्या पुढ्यात तो: ग्लोव्ह्जच्या जागी दोन राखाडी फरकाटे, चेंडू लांबट, चेहऱ्यावर डोळे सापडत नव्हते. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. ते माझा हात स्थिर ठेवतं, समोरच्याला कसं धरून ठेवणार? हात सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल तर १/२०० सेकंदात तो २ सेंटिमीटर सरकतो. १/१००० ला ४ मिलिमीटर. पहिला फोटो हललेला दिसतो, दुसरा चालून जातो.

तरी मी तो पाठवला. उत्तर आलं, "जाळी मस्त आलीये." टोमणा असता तर मी हसलो असतो. पण त्या पोराने मला वाईट वाटू नये म्हणून फोटोत कौतुक करण्यासारखं काहीतरी शोधलं होतं.

आता हिशेब. त्या उजेडात ५.६ला १/१००० मिळवायचं तर आयएसओ ३२००० लागला असता. १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ ३२००च्या आसपास काम झालं असतं. शिवाय फोकस लागत असताना डीएसएलआरची लेन्स पूर्ण उघडी असते, त्यामुळे अंधारात १.८वाली चाचपडतही कमी. माझा कौल ८५ला आहे तो यामुळे.

आता तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो: त्या जागेवरून ८५ने गोलकीपर केवढा आला असता? मी कॉर्नरच्या झेंड्यापाशी होतो, तिथून गोलचा जवळचा खांबच साधारण ३० मीटर. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ८५ एमएम लावली तर तेवढ्या अंतरावर चौकट सुमारे ८ मीटर रुंद होते, आणि गोल ७.३२ मीटर रुंद असतो. अख्खा गोल मावतो. २४ मेगापिक्सेलमधून गोलकीपर क्रॉप केला तर उरतात दीडेक हजार पिक्सेल. अल्बमला ठीक, भिंतीवर मोठा करून लावायला नाही. म्हणजे त्याला हवा होता तो फोटो माझ्या ऐपतीतल्या कुठल्याच लेन्समध्ये नव्हता. बॅडमिंटन, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल असेल, कोर्टाला खेटून बसता येत असेल, तर ८५ घ्या आणि खुशाल राहा. फुटबॉलला ती घेतलीत तर जवळचा अर्धा भाग तुमचा, लांबचा सोडून द्यायचा. कमी पैशांत काय सोडायचं तेवढंच आपल्या हातात असतं.

पूर्वी मी असं सांगत नसे. "थांबा, पैसे साठवा, थेट ७०-२०० एफ/२.८ घ्या," असं मोठ्या तोऱ्यात सांगायचो. तो सल्ला चूक होता असं आजही म्हणवत नाही, कारण त्या संध्याकाळी तीच लेन्स चालली असती, आयएसओ ८०००वर का होईना. पण पैसे साठेपर्यंत खेळणारी पोरं शाळा सोडून जातात, त्याचं काय?

जुनी एफ/२.८ लेन्स घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एवढंच. निकॉनची जुनी ८०-२०० एएफ-डी स्वस्तात दिसली की उडी मारू नका. तिच्यात फोकसची मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर, किंवा एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा तुकडा) लावून निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांवर, ती आपोआप फोकस करत नाही, आणि धावत्या माणसावर हाताने फोकस लावणं तुम्हाला जमेल असं मी धरून चालत नाही. कॅननवाल्यांचं बरं आहे, जुनी ईएफ २०० एमएम एफ/२.८ अडॅप्टरने कॅननच्या नव्या आरएफ कॅमेऱ्यांवरही नीट चालते. काहीही घेताना काचेतून टॉर्च मारून बुरशी बघाच.

आणि हो, आजकाल नॉइज काढणारी सॉफ्टवेअर्स इतकी सुधारलीत की आयएसओ १२८०० बघून मी पूर्वीसारखा नाक मुरडत नाही. मग ५.६ला एवढी नावं ठेवायचं कारण काय उरलं, असं कुणी विचारलं तर थोडा अडखळतो. दाणे पुसता येतात, हललेला हात सरळ करता येत नाही, हे माझं उत्तर. पण १२८०० चालतो म्हटलं की १/४०० मिळतं, आणि १/४००ला पेनल्टी अडवणारा हललेला दिसेल, पेनल्टी मारायला उभा असलेला दिसणार नाही. ५५-२५० मध्यंतरी विकायला काढली होती. गिऱ्हाईक आलंही, आणि त्यानेही विचारलं, "खेळांचे फोटो येतील ना हिच्यात?" मी म्हटलं, दिवसा येतील. तो विचार करून सांगतो म्हणाला.