रथापुढं की रथामागं?

आत्या हरवली ती सासवडला. हडपसरच्या गर्दीत नाही, दिवे घाटात नाही. मुक्कामाला पोचल्यावर, तंबू समोर दिसत असताना. "पाय धुऊन येते गं" म्हणून गेली आणि तास झाला तरी पत्ता नाही. फोन तिचा माझ्या पिशवीत. असता तरी उपयोग नव्हता, एवढी माणसं एका तळावर आली की फोन नुसता घड्याळापुरता उरतो.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात एकादशी. पहाटे भवानी पेठेतून निघालो, हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या रस्त्याला लागली आणि आम्ही घाटाच्या.

माझी पहिली वारी, आत्याची अकरावी. पोलिसांबद्दलचं माझं मत म्हणाल तर फारसं बरं नव्हतं. पर्स चोरीला गेली होती तेव्हा एका चौकीनं "आधी कुठल्या हद्दीत गेली ते ठरवा" म्हणत मला तीन खेपा घालायला लावल्या होत्या. चालत्या बसमध्ये पर्स जाते तेव्हा हद्द कुणी बघून ठेवलेली असते?

वडकीला विसावा होता. बायकांची तिथे जी अडचण होते ती वारीच्या फोटोंत कधी दिसत नाही. फिरत्या संडासांपुढे ही रांग, आणि म्हाताऱ्यांना तेवढा दम नसतो. एका टपरीच्या मागे एक लेडी कॉन्स्टेबल, पंचविशीची असेल, आपला लांब रेनकोट दोन्ही हातांनी पसरून आडोसा धरून उभी होती. तोंड रस्त्याकडे. आमच्यातली एक गेली की दुसरी. मध्येच सर आली तर बाई तशीच भिजत उभी. एक आजी बाहेर येऊन तिच्या पाया पडायला वाकल्या तर ती म्हणाली, "अहो आज्जी, हात सोडता येत न्हाई मला, उठा बरं." त्या दिवशी तिनं किती वेळ तो रेनकोट धरला कोण जाणे. आम्ही सात जणी होतो आणि आमच्या मागे पुन्हा रांग.

घाटात जागोजागी खाकी. कठड्याकडे सरकणाऱ्या पोरांना आत हाकायचं काम. "माउली, आत या. फोटू नंतर." एक जाडसर हवालदार शिट्टी वाजवत होता आणि आमच्या टाळांच्या नादानं की काय, ती शिट्टीही 'ज्ञानोबा-तुकाराम'च्या ठेक्यात पडायला लागली. त्याच्या ते लक्षात आलं, तो लाजला, मग उलट जोरात वाजवायला लागला. एका वळणावरून खाली पाहिलं तर माउलींच्या पालखीचा रथ चढत होता, पुढे बैलांच्या जादा जोड्या जुंपलेल्या.

सगळेच असे होते असं नाही. एका चौकात एकानं मला खांद्याला धरून असं ढकललं की टाळ हातातून सुटला. तो सकाळपासून किती जणांना ढकलत होता हे मला माहीत नव्हतं, आणि त्याला माझं नाव.

तर सासवड. अंधार पडला, पाऊस भुरभुरत होता. मी तीन रांगा फिरून आले. कुणीतरी म्हणालं, तळावर सगळ्या दिंड्या जमतात त्या समाज आरतीला हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, तोवर थांब. थांबवतंय कुणाला. तेवढ्यात होमगार्डचा एक पोरगा दिंडीचा नंबर ओरडत आला. (नंबर इथे देत नाही, आमचे विणेकरी रागावतील.)

मदत केंद्राच्या पालात आत्या ऐटीत बसली होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात चहा. तिथे खुर्ची ती एकच. हवालदार शेजारी उभा, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. बूट चिखलानं भरलेले.

"तुमच्या आज्जी लई हुशार," तो म्हणाला. "नंबर पाठ. पण रथापुढं का रथामागं, ते न्हाई सांगता येत."

घोळ असा की दिंड्यांचे नंबर रथाच्या पुढे एकपासून सुरू होतात आणि मागेही पुन्हा एकपासून. एकाच नंबरच्या दोन दिंड्या, आणि तंबू तळाच्या दोन टोकांना. अकरा वाऱ्या करून आत्याला हे माहीत नव्हतं. तिला कधी हरवायची वेळच आली नव्हती.

"मग कळलं कसं?"

"इचारलं, आज्जी, चालताना रथ कुठं दिसतो? तर म्हणाल्या, दिसतो कुठला, मान वळवावी लागती. म्हटलं झालं, रथापुढची."

मी वर्षानुवर्षं ऑफिसात फॉर्म तपासते. असा प्रश्न मला सुचला नसता.

आत्यानं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "एकादशी धरली असंल तर हा चालतो. नसंल धरली तरी चालतो." त्यानं उभ्या उभ्याच खाल्ला. मग टेबलावरचा जाड मार्कर घेऊन आत्याच्या डाव्या मनगटावर लिहिलं: 'रथापुढे', खाली नंबर, त्याखाली माझा फोन.

"पंढरपूरला येणार का साहेब?" मी विचारलं.

"न्हाई ओ. आमची हद्द नीरेच्या पुलापर्यंत. पुढं सातारवाले. पंधरा वर्सं बंदोबस्त केला, पन इठ्ठल काय अजून बघितला न्हाई वारीत."

हद्द हा शब्द त्या दिवशी वेगळाच ऐकू आला.

जेजुरीला आत्यानं ते लिहिलेलं माझ्याकडून पुन्हा गिरवून घेतलं. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, मग आम्हीही पाण्यात उतरलो. आत्यानं बुडी मारली, पण डावा हात वर, पाण्याबाहेर.

"अगं, हात बुडव की."

"राहू दे," ती म्हणाली. "सातारवाल्यांना काय म्हाईत, मी रथाच्या कुठल्या अंगाची ते."