तुळशीची माळ आणि लाल इंजेक्शन

आमच्या घरात शाकाहार जन्माने आलेला नाही. तो गळ्यात घालून आणलेला आहे. आईने पस्तिशीत पंढरपूरला तुळशीची माळ घातली आणि खाणाऱ्या घरात एक माणूस न खाणारे झाले. (‘खाणारे’ म्हणजे काय खाणारे, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.) तेव्हापासून रविवारचे वशाट परसात, तीन दगडांच्या चुलीवर शिजू लागले आणि त्याचे पातेले घासून न्हाणीच्या आडोशाला पालथे राहू लागले. वाटण मात्र पाट्यावर आईच वाटायची. सुके खोबरे किती भाजायचे, मीठ किती घालायचे, हे सगळे ती चव न घेता ठरवायची आणि तिचा अंदाज कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

गावात तिला कोणी ‘शाकाहारी’ म्हटले नाही. तिला ‘माळ आहे’ एवढेच म्हणत. शाकाहारी हा शब्द रेल्वेच्या जेवणाच्या यादीतला, लग्नाच्या जाहिरातींतला आणि सरकारी पाहणीतला. 2014 च्या एका सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे 40 टक्के लोकांची नोंद शाकाहारी अशी झाली होती. पण त्या एका आकड्यात कंदमुळेही वर्ज्य मानणारे जैन, लिंगायत, महानुभाव, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारे ब्राह्मण आणि आईसारखे माळकरी असे सगळे एकाच पंगतीला बसवलेले असतात. कोणाचा शाकाहार कुळाचा, तर कोणाचा दिलेल्या शब्दाचा. पुण्यात भाड्याने घर शोधताना मला पहिला प्रश्न ‘व्हेज ना?’ असा आला, तेव्हा हा शब्द कुंपणासारखाही वापरता येतो हे कळले. आईच्या माळेला कुंपण नव्हते. ती आमच्यासाठी वाटण वाटत होती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. अंधारात चालताना तोल जाई आणि जीभ लालबुंद होऊन तिखट सोसेनासे झाले. जन्मभर ठेचा खाल्लेल्या बाईने आमटी फिकी करा म्हणावे, हे आम्हांला मुंग्यांपेक्षा गंभीर वाटले. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. बी-12 या जीवनसत्त्वाचा आकडा 118 आला; तो साधारणपणे 200 च्या वर असावा लागतो. ‘तुम्ही शाकाहारी का?’ असे त्यांनी विचारताच आईने उत्तर न देता पदर बाजूला करून माळ दाखवली.

हे जीवनसत्त्व झाड तयार करत नाही, प्राणीही तयार करत नाही. ते फक्त सूक्ष्म जीवाणू करतात. ते जनावरांच्या शरीरात साठते आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याकडे येते. माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही न दिसणारी. शिवाय यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. म्हणून तूट लगेच कळत नाही. वय वाढले की जठरातले आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-12 सुटे होणेही अवघड जाते. म्हणजे दोष एकट्या माळेचा नव्हता. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांमध्ये बी-12 कमी आढळले होते, आणि ते सगळेच काही न खाणारे नव्हते.

मला खरा हिशेब दुधाचा वाटतो. शाकाहाऱ्याला हे जीवनसत्त्व दुधातून मिळते, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण आमच्या गोठ्यातले दूध पहाटे डेअरीला जायचे, उरलेले मुलांना, मग वडिलांच्या भाताबरोबर दही, आणि आईच्या वाट्याला चहाच्या रंगापुरते. भाकरी आणि तुरीची आमटी ही जोडी प्रथिनांसाठी उत्तम, कारण ज्वारीत जे कमी असते ते डाळ भरून काढते. पण त्या ताटात बी-12 कुठून यावे? शाकाहाराचे फायदे-तोटे सांगणारे लोक ताट पूर्ण वाढलेले आहे असे धरून चालतात. शेवटी जेवणाऱ्या बाईचे ताट त्यांनी पाहिलेले नसते.

इंजेक्शन आले तेव्हा आईने सिरिंज उजेडाकडे धरायला लावली. औषध डाळिंबाच्या रसासारखे लाल होते. ‘हे रगत हाय का?’ तिने थेट विचारले. तो रंग त्यातल्या कोबाल्टमुळे आहे आणि औषध कारखान्यात जीवाणू आंबवून काढतात, असे सांगितल्यावर ‘म्हंजे इडलीच्या पिठागत,’ म्हणत तिने दंड पुढे केला.

खरी अडचण नंतर आली. रोजच्या कॅप्सूलचे पारदर्शक आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, हे मीच शहाणपणाने बोलून गेलो. ‘हाडं गिळाया माळ घातली व्हय मी?’ पाकीट परत गेले आणि गोळी आली. सोबतचे डी-3 जीवनसत्त्व मात्र बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनते, हे कळल्यावर तिने क्षणभर विचार केला आणि घोंगडी पांघरलेली चालते, तर हेही चालेल, असा निकाल दिला. मेंढी जिवंत राहते, एवढी तिची कसोटी.

आता मुंग्या बऱ्याच कमी आहेत आणि ठेचा परत सुरू झाला आहे. नवे पाकीट आणले की आई आधी ते उलटेपालटे करून बिस्किटांच्या पुड्यावर असतो तसा हिरवा ठिपका शोधते. औषधांवर तो नसतो, हे मी अनेकदा सांगितले आहे. तरी ती चष्मा लावून शोधते, मग पाकीट माझ्या हातात देते आणि म्हणते, ‘तू वाच.’