साखर चालते, मध चालत नाही

चहात साखर चालेल, पण सफरचंद नको, असं मी म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो. साखर वाईट, फळं चांगली आणि मध तर औषधच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण माझं लहान आतडं फ्रुक्टोज, म्हणजे फळांत आणि मधात असलेली साखर, पुरेशी शोषून घेत नाही. उरलेलं फ्रुक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. मग पोट ढोलासारखं तटतटतं, कळा येतात, जुलाब होतात. याला फ्रुक्टोज मालअ‍ॅब्सॉर्प्शन म्हणतात.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. तास चालू असताना वर्ग सोडून जाता येत नाही, आणि स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे. पोट कधी दगा देईल याची धास्ती दुखण्याइतकीच वाईट असते, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. कोलोनोस्कोपी झाली, गहू सोसत नसावा या शंकेने सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी झाली. सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका, फळं खा, सकाळी मध-लिंबू घ्या,’ असा सल्ला मिळाला. तो मी मनापासून पाळत होते आणि त्रास वाढत होता.

धागा सापडला तो घरातल्या चातुर्मासामुळे. सासूबाई आषाढी ते कार्तिकी कांदा-लसूण घरात शिजू देत नाहीत. त्या महिन्यांत माझं पोट एरवीपेक्षा बरंच शांत असायचं. पण एकादशीला खजूर, सफरचंद आणि मध घातलेलं फ्रूट सॅलड खाल्लं की द्वादशीला हाल. ‘उपास तुला मानवत नाही गं,’ असं आईच (सासूबाईंना मी आईच म्हणते) आधी म्हणाल्या होत्या. पुण्यातल्या पोटविकारतज्ज्ञांना मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी श्वासाची तपासणी लिहून दिली.

तपासणी सोपी असते, फक्त वेळखाऊ. आदल्या दिवशी साधा पांढरा भात, डाळ-भाजी नाही, रात्रभर उपाशी. सकाळी 25 ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि पुढचे 3 तास ठरावीक अंतराने यंत्रात फुंकर मारायची. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, तो आतड्यातले जिवाणूच करतात. त्यामुळे श्वासातला हायड्रोजन सुरुवातीच्या पातळीपेक्षा दशलक्ष भागांत 20 किंवा त्याहून जास्त भागांनी वाढला, तर फ्रुक्टोज न शोषता खाली गेलं असं धरतात. माझा आलेख तर घाटासारखा चढत गेला. रिपोर्ट हातात आल्यावर मी रडले, कारण दुखणं मनाचं नव्हतं.

आता साखरेचं कोडं. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, आणि ग्लुकोज सोबत असलं की फ्रुक्टोज बरंच सहज शोषलं जातं. त्रास होतो तो फ्रुक्टोजचं पारडं जड असेल तेव्हा. 100 ग्रॅम सफरचंदात फ्रुक्टोज साधारण 6 ग्रॅम, ग्लुकोज अडीच ग्रॅमच्या आसपास, शिवाय वर सॉर्बिटॉल, म्हणजे असाच नीट न शोषला जाणारा आणखी एक गोड पदार्थ. नासपती, कलिंगड, मध यांतही फ्रुक्टोजच जास्त. संत्रं आणि पपई मला बेतानं चालतात. शुगरफ्री गोळ्या आणि काही खोकल्याची औषधं सॉर्बिटॉलमुळे बाद झाली. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी आता काही घेत नाही.

कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टॅन असतात, म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या. त्या कुणाच्याच आतड्यात पचत नाहीत, पण नाजूक पोटाला त्यांचा त्रास जास्त होतो. म्हणून रोज ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, गोड्या मसाल्याची भाजी, कांद्याऐवजी बटाटा घातलेले पोहे. लसणाचा वास मात्र सोडवेना. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून तेलात अख्ख्या पाकळ्या परतून बाहेर काढते आणि त्याच तेलाची फोडणी देते. आमटीत पाकळ्या उकळल्या की ते गणित बिघडतं. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घालते, चव येते.

कडक पथ्य जन्मभराचं नसतं, हे मला सगळ्यांना सांगायचंय. नीट न शोषल्या जाणाऱ्या अशा साखरा टाळण्याची ही ‘लो-फॉडमॅप’ आहारपद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने विकसित केली. त्यातही आधी 2 ते 6 आठवडे बंदी आणि मग एकेक पदार्थ थोड्या मापाने परत आणून बघणं, असंच आहे. फ्रुक्टॅन चांगल्या जिवाणूंचंही खाद्य असतं, ते कायमचं तोडू नये. हे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा. आणि वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर पथ्यात वेळ न घालवता आधी डॉक्टर गाठा. जन्मजात फ्रुक्टोज न सोसणं हा वेगळा, गंभीर आजार आहे. त्यात साधी साखरही घातक ठरते. माझं वाचून कुणी त्या रुग्णाला साखर देऊ नये.

यंदा मे महिन्यात हापूस परत आणला. आंब्यातही फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त, त्यामुळे वाट्या भरून आमरस नाही; जेवणाबरोबर दोन फोडी, त्याही दिवसाआड. पोटाने काही तक्रार केली नाही. नणंदेने आग्रहाने तिसरी वाढली तेव्हा मी ताट सरकवून ‘वन्सं, पुरे’ म्हटलं, आणि त्यांनीही ऐकलं.

कांदा अजून राहिलाय. तो दिवाळीच्या सुट्टीत, शाळा नसताना. एक चमचा शिजवलेला, बाकी सगळं नेहमीचं, आणि तीन दिवस वहीत नोंद.