तिचंच मनगट

"आई, हिनं स्वतःचाच हात धरून ठेवलाय बघ," लेक म्हणाली आणि मी थबकले.

लंडनमधलं जुन्या वस्तूंचं दुकान. ढिगात एक एचिंग, म्हणजे पत्र्यावरून छापलेलं चित्र, सापडलं. इंग्रज चित्रकार रोझेट्टीच्या 'प्रॉझरपिन'वरून केलेलं. रोमन पुराणातली पाताळाची राणी. पाताळाच्या राजानं, प्लूटोनं पळवून नेलेली, तिथं डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून दरवर्षी काही महिने तिथंच अडकलेली.

१८७४चं मूळ चित्र 'टेट' कलासंग्रहालयात कितीदा पाहिलंय मी. पण तिथं नजर आधी लाल ओठांवर जाते, मग फोडलेल्या डाळिंबावर.

इथं रंगच नाही. धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरलेल्या रेघा आणि त्यांत भरलेली शाई, बस्स. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर अजून बोटाला लागतो. डाळिंबाचा लाल गाभा नुसता काळा झालाय. मग हात दिसतात. एकात फळ, आणि दुसऱ्यानं त्याच हाताचं मनगट आवळलेलं. इतकी वर्षं मला ते दिसलंच नव्हतं!

"खाल्लं म्हणून आता स्वतःला अडवतेय का गं?" लेकीनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

रोझेट्टीनं हा विषय किमान आठ कॅनव्हासवर हाताळला. चित्रासाठी समोर बसायची जेन मॉरिस, त्याच्या मित्राची बायको, जिच्यात त्याचा जीव अडकला होता. त्याच्या तळमळीबद्दल भरभरून लिहिलं गेलंय.

पण तसं मनगट धरून बसताना तिच्या मनात काय चाललंय, हे तिला कुणी विचारलं असेल का?